लहानूभाऊनं व्हिएतनामहून आणलेलं जाळं

परदेशातून येताना काय आणावं, असं मला कोणी विचारलं तर मी आता तोंड उघडत नाही. मी एकदाच गेलो, आठ दिवसांसाठी, आणि एकतीस घरांसाठी वस्तू घेऊन आलो. किल्ल्या अडकवायच्या साखळ्या, कागदी पंखे, फ्रिजला चिकटवायच्या होड्या. आमच्या वॉर्डात निम्म्या घरी फ्रिज नाही, हे मला तिकडं आठवलंच नाही. माझ्यासोबत लहानूभाऊ होता. त्यानं एकच वस्तू आणली, आणि तीसुद्धा चुकलेली आहे अशी खात्री करून, मुद्दाम आणली.

मी पळसबोडीच्या मच्छीमार संस्थेचा सचिव. अकरा वर्षं झाली. अध्यक्ष बदलतात, सचिव राहतो, कारण कागद लिहायला दुसरा कोणी तयार नसतो. लहानू भानारकर आमचा जुना सभासद, वय एकसष्ट. बोलणं कमी आणि हट्ट फार. काट्यावर मासोळी चढवताना पाव किलोसाठी माझ्याशी भांडेल आणि त्याच संध्याकाळी माझ्या घरी पिशवीभर शिंगाडे पाठवेल. गालात चोवीस तास तंबाखू-सुपारीचा खर्रा. डावखुरा आहे, त्यामुळे डोंग्यात त्याच्या शेजारी बसलं की वल्ह्याचा फटका कुठून येईल सांगता येत नाही.

पण भानारकरांचं घर लहानूभाऊमुळं कोणी ओळखत नव्हतं, ओळखत होतं ते त्याच्या बायकोमुळं. कुंताबाईच्या हातचं जाळं घ्यायला सिंदेवाहीपासून माणसं यायची. तिचं एक जाळं पार भामरागडला गेलं होतं. तिथल्या माणसानं तीन वर्षांनी फोन करून दुसरं मागवलं. मशीनची जाळी बाजारात ढिगानं येऊ लागली तरी कुंताबाईचं फेकायचं जाळं घेणारे घेतच राहिले. फेकलं की ते ताटासारखं गोल उघडायचं आणि सगळा काठ एकाच वेळी पाण्याला लागायचा.

मग तिचे डोळे गेले. मोतीबिंदू असेल, हिवाळ्यात करू ऑपरेशन, असं म्हणता म्हणता दोन हिवाळे गेले आणि निघाला काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येत नाही, राहिलं ते राखू. राहिलं होतं एवढंच, की उजेड कुठून येतो ते तिला कळतं.

तरी ती थांबली नव्हती. जाळं विणायला डोळे लागतातच असं नाही, बोटांनी मापाची पट्टी धरायची आणि सुई फिरवायची. राजुऱ्याला दिलेल्या मुलीच्या, खुशबूच्या, नवऱ्यासाठी तिनं जाळं घेतलं होतं विणायला. चार महिने बसली. जाळ्याच्या एकेका भोकाला आमच्याकडं घर म्हणतात. तिचं मधूनच एखादं घर सुटायचं, तिथं दुप्पट मोठं भोक पडायचं आणि तिला ते कळायचं नाही. लहानूभाऊला कळायचं. तो रोज पहाटे, ती उठायच्या आधी, चुकलेली जागा शोधून सांधून ठेवायचा. एका अक्षरानं बोलला नाही.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. फाटलेलं जुनं जाळं कोणीही सांधावं. पण नवं जाळं विणून होऊन पहिल्यांदा पाण्यात पडेपर्यंत त्यात एकच हात हवा. प्रत्येकाची गाठ वेगळी बसते आणि दोन हात लागले की जाळं तिरपं उघडतं, हे एक कारण. दुसरं कारण लोक हळू आवाजात सांगतात. विणणारा मेला किंवा कायमचा खाटेला लागला, तेव्हाच त्याचं अर्धं जाळं दुसरा हातात घेतो.

जाळं पूर्ण झालं, तेव्हा कुंताबाईनं ते वरपासून खालपर्यंत बोटांखालून काढलं. डावखुऱ्या माणसाची गाठ उलट्या बाजूला ओढलेली असते. तिला ती सतरा ठिकाणी सापडली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं जावयाला बाजारातलं मशीनचं जाळं घेऊन द्यायला सांगितलं, आपल्या सगळ्या सुया शेजारच्या सोनीबाईला देऊन टाकल्या आणि म्हणाली, "माहा हात गेला. घरच्याच मानसानं सांगतलं, आता अजून कोनाले विचारू?"

या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. कुंताबाई दारात बसून चिंचा फोडायची, लसूण सोलायची, आल्यागेल्याशी नीट बोलायची. सुईचं नाव काढलं की उठून आत जायची. लहानूभाऊनं या दोन वर्षांत किती वेळा माफी मागायचा विचार केला असेल कोण जाणे, पण ज्यानं आयुष्यभर तलावाशीच जास्त बोलणं केलं त्याला ते जमायचं नव्हतं. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

अशात मत्स्यव्यवसाय खात्याचं पत्र आलं. मत्स्यपालनाचा अभ्यास दौरा, देश व्हिएतनाम, प्रत्येक निवडलेल्या संस्थेतून एक पदाधिकारी आणि एक प्रत्यक्ष मासेमारी करणारा सभासद. पदाधिकारी म्हणून मी लगेच तयार झालो. सभासद म्हणून लहानूभाऊचं नाव निघालं आणि तो नाही म्हणाला. त्याला तयार केलं कुंताबाईनं.

"जा ना जी," ती म्हणाली. "आल्यावर मले सांगाले तरी होइन काई. घरात दोघं बसून कोन्त्या गोष्टी करतो आपन?"

पासपोर्टसाठी त्याच्या बोटांचे ठसे उठेनात. पन्नास वर्षं दोरा ओढून बोटं गुळगुळीत झालेली. खिडकीवरच्या मुलीनं ओल्या कपड्यानं पुसून, दाबून, पुन्हा पुसून कसेबसे घेतले. माझे पहिल्या झटक्यात उठले. सचिवाची बोटं कशी असतात ते त्या मशीनलाही कळलं असावं.

निघायच्या दिवशी कुंताबाई फाटकापर्यंत आली. माझ्या खिशात एकतीस नावांची यादी होती. गावाला जाऊन आलं की ओळखीच्या प्रत्येक घरी काहीतरी द्यायचं, ही आमच्या वॉर्डातली सवय. बोधगयेहून येताना पिंपळाची पानं आणली तरी चालतात, पण विमानानं गेलेल्या माणसाकडून लोक पान घेत नाहीत. आमच्या रिनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, यादीच्या खाली वेगळ्या शाईनं लिहिलं होतं, वॉर्डातल्या विहारासाठी बुद्धमूर्ती, हाताने कोरलेलीच.

कुंताबाई नवऱ्याला म्हणाली, "माह्यासाठी काई नोका आनू. पाहाले कुठी डोळे हायेत मले."

लहानूभाऊनं मान हलवली. ती त्याची मान हलताना बघू शकत नव्हती, हे त्याच्या लक्षात यायला बस सुटावी लागली. मूल गावाच्या पुढं गेल्यावर तो मला म्हणाला, "सचिव भाऊ, मीनं हो बी नाई म्हटलं अन् नाई बी नाई म्हटलं."

नागपूर विमानतळावर खर्रा पिशवीतून काढून टाकावा लागला. त्यानंतरचे दोन दिवस तो कोणाशीच धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या पलंगावर बसून त्यानं एकदम विचारलं, "ज्याले दिसत नाई त्याच्यासाठी काय नेतेत?"

"अत्तर ने," मी म्हणालो. "नाहीतर भारीतला साबण. वास तर येतो ना."

"तिले मासोळीशिवाय कोन्ताच वास आवडत नाई."

"मग खायचं काही."

"खाल्लं का संपलं." जरा वेळानं म्हणाला, "असं काई पायजे का तिचे हात परत चालले पायजे. नाई तं मी इथी काऊन आलो?"

आमची मार्गदर्शक लान नावाची एक हसरी मुलगी होती. ती इंग्रजीत बोलायची, मी ते मराठीत सांगायचो, आणि माझं इंग्रजी बेताचं असल्यामुळं मधला बराच भाग मी मनानं घालायचो. त्या दुपारी तिनं आम्हाला शहरातल्या मोठ्या बाजारात सोडलं आणि बजावलं, इथं सगळे सगळ्याच वस्तूंना हातानं केलेल्या म्हणतात, नीट बघून घ्या.

मी यादी काढून कामाला लागलो. लहानूभाऊनं काय करावं? त्यानं एका दुकानापुढं उभं राहून डोळे मिटले, आणि समोरची लाखेची वाटी हातात घेऊन बोटं फिरवायला लागला. मग रेशमी शेला. मग लाकडी कासव. मग गवताची टोकदार टोपी, तिचा काठ त्यानं सगळा गोल फिरवून पाहिला. दुकानदारीण आधी हसली, मग घाबरली, मग दुसऱ्या दुकानदारणीला हाक मारून घेऊन आली. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिल्ह्यातले आमच्या दौऱ्याचे बाकीचे लोक लांबून बघत होते.

"लहानूभाऊ, डोळे उघड," मी दबक्या आवाजात म्हणालो. "लोक काय म्हणतील?"

"उघडे ठेवले का सगळंच चांगलं दिसते," तो म्हणाला. "मशीनची वस्तू सुरू होते तशीच संपते. हातची वस्तू मधात कुठी तरी थकते. ते जागा मी पाहून राह्यलो."

टोपीत त्याला ती जागा सापडली. पण टोपी घेऊन कुंता काय करील, म्हणून ठेवून दिली.

मी विहारासाठी मूर्ती पसंत केली होती. वीतभर उंच, ध्यानस्थ, चेहरा फार शांत. दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत होता, हातानं कोरलेली आहे, एका म्हाताऱ्यानं महिनाभर बसून कोरली. लहानूभाऊनं दोन्ही हातांनी नमस्कार केला, परवानगी मागावी तसं माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिटून मूर्तीच्या कानामागं बोट नेलं.

"इथी साच्याची शिवन हाये, सचिव भाऊ."

मी रागावलो. मूर्ती घेतली. परतीच्या विमानतळावर काचेमागं त्याच चेहऱ्याच्या चाळीस मूर्ती ओळीनं बसलेल्या होत्या आणि मी दुसरीकडं बघत चालत राहिलो. ती मूर्ती आज विहारात आहे. तिच्यापुढं हात जोडताना माझं मन शांत होतं हे खरं, पण कानामागं बघायचा मोह अजून जात नाही.

सहाव्या दिवशी आम्हाला नदीकाठच्या मत्स्यशेतीवर नेलं. तिथली नदी म्हणजे आपली वैनगंगा भर पावसाळ्यात दिसते तशी, पण जानेवारीत. येताना जेवायला बस एका गावात थांबली. गावाचं नाव मला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. जेवताना लहानूभाऊची खुर्ची रिकामी. लान आणि मी शोधायला निघालो तर तिसऱ्याच घराच्या ओसरीवर हा पठ्ठ्या मांडी घालून बसलेला. समोर साठीची एक बाई बसून जाळं विणत होती. मागं दांडीवर पाचसात जाळी लटकलेली. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलू शकत नव्हते आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

"पाहा सचिव भाऊ," तो म्हणाला. "आपल्याचसारखी सुई. बांबूची. पन गाठ खालून घेते."

बाई हातांकडं बघत नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकली बघत होती, मधूनच आत कोणावर तरी ओरडत होती, आणि बोटं आपली चालूच. लानच्या मदतीनं कळलं, की मोठी जाळी आता तिकडंही मशीनचीच असतात. ही लहान फेकायची जाळी मात्र ती हातानं विणते, कालव्यात मासे धरणारे काही जण अजून तीच मागतात, शिवाय हल्ली पाहुणे घरात टांगायला घेऊन जातात.

लहानूभाऊनं विचारलं, दांडीवरची जाळी बघू का. बाईनं मान हलवली. त्यानं डोळे मिटले आणि एकेक जाळं टोकापासून काठापर्यंत बोटांखालून काढू लागला. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. चौथ्या जाळ्याशी त्याचा हात थांबला. तिथंच दोनदा मागंपुढं फिरला.

"हेच पायजे," तो म्हणाला.

मी बघितलं. काठापासून वीतभर वर एक घर सुटलेलं होतं, दोन बोटं सहज आरपार जातील एवढं भोक. "लहानूभाऊ, हे चुकलेलं आहे."

"म्हनून तं."

बाईनंही ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं पटकन दुसरं जाळं काढून त्याच्यापुढं धरलं, चांगलं, नवं. यानं नकारार्थी मान हलवली. मग ती सुई घेऊन भोक सांधायला पुढं झाली. लहानूभाऊनं जाळं छातीशी ओढून घेतलं. बाई तडकली. लान गोंधळून म्हणाली, "त्या म्हणतात, इतक्या दुरून आलात आणि माझी चूक विकत घेऊन जाता. तिकडं जाऊन सगळ्यांना दाखवणार का?"

आता पाळी माझ्यावर आली. मी लहानूभाऊकडं बघितलं. तो खाली मान घालून म्हणाला, "सांगा तिले. सगळंच सांगा."

मी सांगितलं. कुंताबाईचे डोळे, चार महिने विणलेलं जाळं, पहाटेच्या सतरा गाठी, सोनीबाईला दिलेल्या सुया. माझं इंग्रजी तोकडं पडलं तिथं मी हातवारे केले. लाननं ते बाईला सांगितलं. बाई ऐकत राहिली. मग तिनं जाळ्याची नीट घडी घातली आणि लानला काहीतरी दोन वाक्यं सांगितली.

"त्या म्हणतात, ते भोक पडलं त्या दिवशी त्यांचं सुनेशी भांडण झालं होतं," लान म्हणाली. "कुंताबाईंना एवढं सांगा म्हणतात. एरवी त्या चुकत नाहीत."

बसमध्ये मी त्याला बरंच ऐकवलं. माझं म्हणणं सरळ होतं. बायको रुसलेली आहे, तिच्यासाठी वस्तू न्यायची, तर ती निदान धड असावी. तो जाळं मांडीवर घेऊन बसला होता. पुढचे दोन दिवस तसाच होता. मुंबईला उतरायला चार तास राहिले असताना मला जाग आली, तर तो वरच्या लहान दिव्याखाली त्या भोकाकडं बघत होता. उजव्या हातानं त्यानं आपला डावा हात धरून ठेवला होता.

"तूच सांधून टाक की," मी झोपेत म्हणालो.

"तेच तं कराचं नाई," तो म्हणाला.

गावात पोचल्यावर दोन दिवस मी वस्तू वाटण्यात घालवले. लोकांनी साखळ्या घेतल्या, बरं म्हणाले. तिसऱ्या दिवशी सहज भानारकरांकडं डोकावलो. जाळं खाटेवर पडलेलं होतं. कुंताबाईनं आल्या दिवशीच ते हातात घेतलं होतं, वरचं टोक चाचपून म्हणाली होती, "चांगलं हाये, मऊ हाये," आणि बाजूला ठेवून चिंचांकडं वळली होती. एवढंच. परदेशातून आणलं याचं कौतुक शेजारणीच करून गेल्या.

लहानूभाऊ अंगणात बसून डोंग्याच्या फटीत डांबर भरत होता. चेहरा पडलेला.

"अरे, सांग ना तिला," मी म्हणालो. "काठाकडं बघ म्हणावं. नाहीतर वर्ष जाईल तिला सापडायला."

"मी सांगतलं तं त्याच्यात बी माहाच हात लागला."

मला चीड आली. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण त्याच्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी बोलून टाकलं असतं आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं, हेही मला मनातून कळत होतं.

पुढच्या सोमवारी दौऱ्याच्या अहवालावर त्याची सही घ्यायला गेलो. दुपार कलत आली होती. कुंताबाई दारात बसली होती, चिंचांचं सूप बाजूला सरकवलेलं, आणि मांडीवर जाळं. माझी चाहूल लागताच तिनं बोलावलं.

"सचिव भाऊ, या. तुमी बी होते ना जी तिथी, हे घेतलं तवा?"

"होतो बाई."

"हे विननारी आंधळी होती का?"

"नाही. चांगले डोळे होते. चष्माही नव्हता."

"मंग हे काय केलं तिनं?" तिनं जाळ्याचा काठ वर धरला. दोन बोटं त्या भोकातून बाहेर आली होती. "इथी एक घर सुटलं. सुटलं तं सुटलं, खालच्या ओळीत बी समजलं नाई तिले. तशीच पुढं गेली बाई."

लहानूभाऊ आतून आला होता. चौकटीपाशी उभा राहिला. ती त्याच्याकडं तोंड वळवून म्हणाली, "तुमाले दिसलं नव्हतं?"

"दिसलं."

"घेऊन आल्यावर?"

"घेतानाच."

कुंताबाईच्या कपाळाला आठी पडली. "मंग सांधून काऊन नाई घेतलं? इतले दिवस तुमच्याजवळ होतं. तुमाले तं लय सवय हाये सांधाची."

मी कागद चाळायला लागलो. त्यात चाळण्यासारखं काही नव्हतं. या माणसानं आता मान हलवली आणि गप्प राहिला तर मीच दोन थपडा मारीन, असं मला वाटलं.

त्यानं मान हलवली नाही. "नाई लावला हात," तो म्हणाला. "तिचं जाळं होतं. तिचं चुकलं तं तिचं. मीनं हात लावाचा नव्हता." मग थांबून, प्रत्येक शब्द पाण्यातून वर ओढावा तसा, "तुह्या बी जाळ्याले लावाचा नव्हता, कुंता. माहं चुकलं."

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. कुंताबाईची बोटं त्या भोकाच्या काठानं फिरत होती, एकदा, दोनदा.

"काय म्हने ते बाई?" तिनं विचारलं.

"त्या दिवशी सुनेसंग भांडन झालं होतं म्हने. तुले सांगाले लावलं हाये."

कुंताबाई हसली. आधी नाकातल्या नाकात, मग पदर तोंडाला लावून चांगली खळखळून. तिला तसं हसताना मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. "मंग बराबर हाये," ती म्हणाली. "रागात एखांदं घर सुटतेच. मी बी खुशबूच्या बापासंग भांडली तवा तीन सोडले होते. कोनाले समजलं बी नाई."

"मले समजलं होतं," लहानूभाऊ म्हणाला.

"तुमाले समजत नाई असं काई हाये का?" तिनं जाळं मांडीवरून उचललं, घडी घातली आणि खाटेच्या पायाशी ठेवलं. मग उजेडाकडं तोंड करून थोडा वेळ बसली. "सोनीबाईकडे माह्या सुया असतीन. लहानी आना. सूत हाये का घरात?"

"हाये. पांढरं हाये."

"कोन्तंबी चालते मले."

तो चपला न घालताच अंगणात उतरला.

"अन् आयका," ती मागून म्हणाली. तो थांबला. "चुकलं तं चुकू द्या. सापडन तवा माहं मी पाहीन. एखांदी मासोळी गेली तं गेली. तुमी हात नोका लावू."

"नाई लावत."

आणि तिला दिसत नव्हतं तरी त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले, एकात एक धरले, आणि तसाच सोनीबाईच्या घराकडं चालत गेला.